ट्रम्पेटनं टर्की बोलावताना हात आणि तोंड लपवायचं कसं

अमेरिकेत वसंतात होणारी रानटी टर्की या मोठ्या पक्ष्याची शिकार पाठलाग करून होत नाही, बोलावून होते. शिकारी पहाटे अंधारात रानात जातो, एखाद्या झाडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नर स्वतःच्या पायांनी बंदुकीच्या टप्प्यात येण्याची वाट बघतो. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात तर वसंतातल्या हंगामात टर्कीच्या मागे दबकत जाणं कायद्यानंच बंद आहे. आवाज काढायची साधनं बरीच आहेत. लाकडी डबी असते, स्लेट आणि तिच्यावर घासायची काडी असते, तोंडात टाळूला चिकटवायचा रबरी पडदा असतो. ट्रम्पेट, म्हणजे ओठांनी हवा ओढून वाजवायची छोटी नळी, वापरणारे त्यामानानं थोडे. आवाज खरा आणि लांबवर जाणारा, पण वाजवायला हात तोंडाशी न्यावा लागतो आणि ओठ मोकळे ठेवावे लागतात. टर्कीला सगळ्यात आधी दिसतं तेही हेच, हलणारा हात आणि उजळ चेहरा. त्यामुळे ट्रम्पेटवाल्यानं सामान निवडताना आणि लपताना आधी या दोन गोष्टींचा विचार करावा. कपड्यावर ओकची पानं छापली आहेत की पाइनची साल, हा प्रश्न फार नंतरचा. दुकानदार तो पहिला विचारतात, ते सोडा.

समोरचा पक्षी काय बघतो

टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला भोवतालचा सुमारे २७० अंशांचा भाग दिसतो, आणि मान थोडी फिरवली की उरलेलाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, टर्कीच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही त्याला काही प्रमाणात दिसतो. म्हणून कपडे उजळ दिसावेत यासाठी साबणात जी चमक आणणारी द्रव्यं घालतात, ती नसलेला साबण वापरा असं जाणते शिकारी सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण त्याच्यावरच भिस्त ठेवू नका. साबण कुठलाही असो, स्तब्ध बसलेला माणूस पुष्कळदा निभावून जातो. हात हलवणाऱ्याला कुठलाच साबण वाचवत नाही.

वासाच्या बाबतीत मात्र हा पक्षी जवळजवळ कोराच. हरणाच्या शिकारीत वारा कुठून कुठे वाहतोय याचा जो हिशेब करावा लागतो, तो इथे नाही. अंधारातही त्याला फारसं दिसत नाही, म्हणून तो रात्र उंच झाडावर काढतो आणि उजाडल्यावर खाली उतरतो. तुम्ही जागेवर जाऊन बसायचं ते त्याआधी.

पण ट्रम्पेटवाल्याला अडचण होते ती कानांची. बाहेरून कान दिसत नसले तरी आवाज नेमका कुठून आला हे टर्कीला अचूक कळतं. दीडशे यार्डांवरून ऐकून तो थेट त्याच झाडाकडे बघत येतो, आणि आवाज जिथून निघाला तिथे तुमचे ओठ असतात. त्यात निसर्गाचा क्रम उलटा आहे. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. तुम्ही मादीच्या आवाजात नरालाच बोलावत असता, त्यामुळे तो साठ-सत्तर यार्डांवर थबकतो, मान उंच करतो आणि ‘मादी कुठे दिसत का नाही’ म्हणून टक लावून बघत राहतो. या वेळी तुमचा हात तोंडाशी असेल तर तो तिथेच ठेवावा लागतो, मग खांदा भरून येवो नाहीतर नाकावर डास बसो.

ट्रम्पेट वाजतं कसं

नावावरून फुंकायचं वाद्य वाटतं, पण यात हवा आत ओढायची असते. मटणाच्या रश्शातल्या नळीचं मगज ओठांनी ओढताना जो चुर्र आवाज निघतो, तो ज्याला येतो त्याची सुरुवात झालीच म्हणायची. बारीक तोंडाच्या नळीवर ओठ दाबायचे आणि छोटा झटका देऊन हवा खेचायची. ओठ थरथरतात, चिरका आवाज निघतो, आणि नळीच्या रुंद होत गेलेल्या पोकळीतून व ओंजळीतून जाताना त्याला टर्कीचा सूर मिळतो.

मुळात हे वाद्य हाडांचंच होतं. टर्कीच्या पंखातली दोन किंवा तीन हाडं एकात एक बसवून केलेली नळी अमेरिकेतले मूळ रहिवासीही वापरत. मादीची हाडं बारीक असतात, सूर जास्त चांगला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेतल्या चार्ल्स जॉर्डन या शिकाऱ्यानं हाडाला नदीकाठच्या बांबूची कांडी जोडली आणि त्या धाटणीचं वाद्य गाजलं. जॉर्डनचा १९०९ साली चोरट्या शिकाऱ्याच्या गोळीनं मृत्यू झाला. पुढे लेथवर लाकूड कातून, तोंडाशी शिंग, हाड किंवा प्लास्टिक बसवून आजचं ट्रम्पेट तयार झालं. लांबी वीतभराहून थोडी कमी. तोंडापासून किंचित मागे एक चकती असते. तिला ओठ टेकले की नळी दर वेळी तेवढीच आत जाते आणि सूर ढळत नाही. नवख्यानं चकती असलेलंच घ्यावं.

मादीची नेहमीची हाक दोन सुरांची असते, आधी उंच, मग लगेच खाली उतरणारा. जबडा किंचित खाली सोडला आणि ओंजळ उघडली की सूर तसा मोडतो. अशा पाच-सहा हाका लागोपाठ. ‘टक्’ असा एकच तुटक आवाजही छान निघतो. मात्र मादी समाधानात असताना काढते ती गुरगुर ट्रम्पेटवर काढणं कठीण, त्यासाठी स्लेटच बरी. शरद ऋतूत, जिथे परवानगी आहे तिथे, कळपातून चुकलेल्या पिल्लांची चिरकी हाक काढायला मात्र ट्रम्पेटसारखं दुसरं काही नाही.

तोंडावरचा पडदा

चेहरा झाकायचा आणि ओठ मोकळे ठेवायचे, यावर चार उपाय आहेत. पहिला म्हणजे गळ्यातून नाकापर्यंत ओढायची जाळी. ती हाक देताना खाली, मग वर, मग परत खाली करावी लागते. दर हाकेला दोन जास्तीच्या हालचाली! ट्रम्पेटवाल्यानं हा प्रकार घेऊच नये. दुसरा, डोकं आणि मान झाकणारी घट्ट जाळी, तिला ओठांपाशी भोक पाडून काठ शिवून घ्यायचे. काठ शिवले नाहीत तर सुटलेला दोरा नेमका ओठ आणि नळी यांच्यामध्ये येतो आणि हाक फाटते. तिसरा उपाय रंगाचा, गालांवर, नाकावर, हनुवटीवर आणि कानांवर मंद हिरवा-तपकिरी-काळा लावायचा. ओठांना लावू नका, नळी घसरते. रंग सर्वांत खात्रीचा, पण दुपारी पेट्रोल पंपावर लोक वळून बघतात.

मला आवडतो तो चौथा. टोपीच्या पुढच्या झडपेला पातळ जाळी अडकवून ती छातीपर्यंत सैल सोडायची. ट्रम्पेट खालून, जाळीच्या आत जातं. ओठही आत, हातही आत, आणि नळीचं रुंद टोक फक्त जरासं बाहेर. चष्मा असणाऱ्यांना यात एक त्रास आहे. हवा ओढायची म्हणजे मधून मधून श्वास सोडायचाच, आणि थंड पहाटे तो काचांवर जाऊन बसतो. नाकाच्या वरच्या भागाशी जाळी चिमटीत धरून शिवून घेतली तर वाफ खालून निघून जाते. चष्म्याच्या काचेची चकाकी लपवायला टोपीची झडप खाली ओढलेली असली तरी पुरतं.

हात, दोरी आणि चकाकी

उजव्या हातानं बंदूक चालवणाऱ्यानं ट्रम्पेट डाव्या हातात धरावं. गुडघे वर घेऊन बसायचं, बंदूक डाव्या गुडघ्यावर टेकलेली, दस्ता खांद्याशी, उजवा हात पकडीवर. म्हणजे पक्षी आला तर हलायचा तो एकच हात. अंगठा आणि तर्जनीनं नळी तोंडाजवळ धरायची आणि उरलेली तीन बोटं वाकवून पुढे पोकळी करायची. दोन हातांची ओंजळ आवाजाला जास्त गोलाई देते हे खरं, पण ती चैन पक्षी लांब असेपर्यंतच. एका हातानं वाजवायचा सराव घरीच करावा, आणि तोही हातमोजा घालून, कारण मोज्यानं पोकळीचा सूर बदलतो. मोजे पातळ घ्या. फक्त अंगठा आणि तर्जनीची टोकं कापून मोकळी ठेवली तर नळीवर पकड नीट बसते. मोज्याचा मनगटावरचा भाग लांब हवा. हात वर जाताना बाही मागे सरकते आणि गोऱ्या-सावळ्या कुठल्याही मनगटाची पट्टी चमकते. घड्याळ काढून खिशात टाका.

मग दोरी. ट्रम्पेट गळ्यातच असायला हवं. खिशात ठेवलं की काढायला धडपड आणि घालायला धडपड. दोरीची लांबी एवढीच, की सोडून दिलेलं ट्रम्पेट गळ्याच्या जरा खाली, छातीच्या वरच्या भागावर विसावेल. तिथून ओठांपर्यंतचं अंतर चार-पाच इंचांचं राहतं. बाजारात येणाऱ्या पुष्कळ दोऱ्या पोटापर्यंत लांब असतात. तेवढ्या लांब दोरीवरचं ट्रम्पेट लोंबकळून बंदुकीच्या दस्त्यावर ‘टक’ करतं, आणि हा लाकडाचा टक पक्ष्याच्या टक् सारखा मुळीच नसतो. जॅकेटच्या छातीवर कापडाचा छोटा फास शिवून त्यात नळीचं टोक अडकवलं तर चालतानाही ती हलत नाही.

ट्रम्पेट करणारे कारागीर मोठ्या हौसेनं काम करतात. आबनुशी काळं लाकूड, पितळी कडी, हस्तिदंतासारखं पांढरं तोंड, वर आरशासारखं पॉलिश. घरी कपाटात ठेवायला देखणं, पण रानात घातक. सकाळचं तिरपं ऊन त्या पॉलिशवर पडलं की हाताची प्रत्येक हालचाल दुप्पट दिसते. पांढऱ्या टोकाचा धोका तर वेगळाच. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. झुडपातून टर्कीचा हुबेहूब आवाज येतोय आणि तिथेच जमिनीपासून दोन-तीन फुटांवर काहीतरी पांढरं हलतंय, हे दुसऱ्या एखाद्या उतावळ्या शिकाऱ्यानं बघितलं तर? शिकारीसाठी घेताना काळ्या किंवा तपकिरी तोंडाचं, मंद तेल दिलेलं ट्रम्पेट मागा. आधीच चकचकीत घेतलं असेल तर नळीला मंद रंगाची कापडी पट्टी गुंडाळा, तोंडाचा भाग तेवढा सोडून.

ओल हा बारीक पण रोजचा त्रास. लाळ आणि वाफ बारीक नळीत साचते आणि आवाज अचानक घोगरा होतो किंवा बंदच पडतो. उलटीकडून जोरात फुंकलं तर थेंब निघतो, पण पक्षी जवळ असताना ते करता येत नाही. म्हणून दर थोड्या वेळानं, सगळं शांत असताना, टर्कीचंच एखादं पीस नळीतून फिरवावं. पिसानं लाकूड ओरखडत नाही. ओठ फुटले असतील तर मलम आदल्या रात्री लावा. सकाळी लावलं तर तेलकट ओठांत हवा पकडली जात नाही. आणि एक, चालताना ट्रम्पेट दातांत धरू नका. मुळात पाय अडकून पडलात तर ते घशात जाईल.

बसायची जागा

खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्याच्या वर जाणारा बुंधा शोधा. त्यानं तुमच्या शरीराची आकृती मोडते, आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याच्या छर्ऱ्यांपासून पाठही झाकली जाते. सावलीत बसा. सूर्य वर चढेल तशी ती कुठे सरकेल तेही आधीच बघा. समोर गुडघाभर उंचीचा आडोसा पुरे. पडलेली फांदी, दोन-चार झावळ्यांसारख्या डहाळ्या. फार दाट आडोसा केला तर बंदूक फिरवायला जागा उरत नाही. ट्रम्पेटवाल्यानं डावीकडचा आडोसा मात्र थोडा उंच ठेवावा, खांद्यापर्यंत, कारण तिकडचं कोपर वर-खाली होणार आहे. उजवा हातवाल्यानं डावा खांदा पक्षी येईल त्या दिशेला करून बसावं, बंदूक डावीकडे जास्त फिरते.

जागेची खरी किल्ली अशी, की नर जिथून तुम्हाला पहिल्यांदा बघू शकेल ती जागा बंदुकीच्या टप्प्यातच असावी. चढाच्या थोडं अलीकडे किंवा पायवाटेच्या वळणाशी बसलात, तर मादी बघायला त्याला वळण ओलांडावंच लागतं, आणि तोवर तो तीस यार्डांवर आलेला असतो. मोकळ्या माळाच्या कडेला बसून शंभर यार्डांवरच्या नरासमोर ट्रम्पेट वाजवणं म्हणजे त्याला लांबून टेहळणी करायची मुभा देणं.

आवाजाची दिशाही लपवता येते. ट्रम्पेटचं टोक जिकडे तिकडे आवाज जास्त जातो. नर दिसायला लागण्याआधीच टोक बाजूला किंवा खांद्यावरून मागे वळवून, ओंजळ थोडी मिटून हाक दिली, की मादी तुमच्या मागे लांब आहे असं वाटतं आणि त्याची नजर तुमच्यावरून पलीकडे जाते. वीसेक यार्डांवर मादीचा नकली पक्षी उभा केला तर तीच नजर तिथे खिळते. ट्रम्पेटवाल्याला त्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होतो.

आणि हात खाली आणायचा केव्हा? नराचं डोकं जाड खोडाआड गेलं की. किंवा तो पिसारा फुलवून पाठमोरा वळला की, कारण तेव्हा त्याचाच पिसारा त्याच्या डोळ्यांआड येतो. त्या दोन-तीन सेकंदांत ट्रम्पेट सोडायचं नाही, छातीवर ठेवायचं आणि हात बंदुकीखाली सरकवायचा. तो येतच असेल तर परत हाक देऊ नका. सगळ्यात अवघड काम हेच, कारण छान वाजायला लागलेलं वाद्य खाली ठेवायला कुणालाही जिवावर येतं. काहीजण गालात रबरी पडदा धरून ठेवतात आणि शेवटचा एखादा ‘टक्’ त्यावर काढतात, हात न लावता.

तंबूसारखा आडोसा घेतला तर हातांचा प्रश्नच मिटतो. आत काळे कपडे, मागच्या खिडक्या बंद, आणि खिडकीपासून दोन फूट मागे बसायचं. त्याला पळवाट म्हणणारे जुने शिकारी आहेत. मला पटत नाही. मुलांना किंवा नवख्याला पहिल्यांदा नेताना त्याहून चांगलं काही नाही.

बाकीचं सामान

बंदुकीबद्दल फार लांबण नको. १२ किंवा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) छर्ऱ्यांची बंदूक, घट्ट चोक, म्हणजे छर्रे फार पसरू न देणारं नळीचं अरुंद तोंड, नेम डोकं आणि मानेवर. चाळीस यार्डांवर कागद लावून बघा. १० इंचांच्या वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे पडले पाहिजेत, नाहीतर काडतूस किंवा चोक बदला, नाहीतर अंतर कमी करा. शिशाचे ४, ५, ६ नंबरचे छर्रे जुने आणि स्वस्त. टंगस्टनचे ९ नंबरचे बारीक छर्रे महाग, पण घनता १८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, शिशाची ११.३, त्यामुळे बारीक असूनही खोल जातात.

बुडाखालची जाड उशी मात्र बंदुकीइतकीच महत्त्वाची माना. मूळ टोचायला लागलं की माणूस चुळबुळतो, आणि चुळबुळ सुरू झाली की वर सांगितलेलं सगळं पाण्यात. गोचिडांसाठी ०.५ टक्के परमेथ्रिन कपड्यांवर आदल्या दिवशी फवारून वाळवा, अंगावर नाही. पूर्व अमेरिकेत गोचिडांमुळे लाइम हा आजार होतो, आणि लोन स्टार जातीची गोचीड चावल्यावर काहींना मटणाचीच ॲलर्जी होते. मराठी घरात याहून मोठी शिक्षा नाही.

लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको. आतला बनियन, मोजे, रुमालसुद्धा नको. दुसरा शिकारी तुमच्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका. जागेवर स्थिर राहून मोठ्यानं स्पष्ट बोला. आणि लांबून टर्कीची हाक ऐकू आली तर तिच्या दिशेनं दबकत जाऊ नका, तिथेही कुणीतरी ट्रम्पेट घेऊन बसलेला असू शकतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं रानपक्ष्यांची शिकार बंद आहे, पण लपणाचा, सावलीचा आणि हाताचा भाग कॅमेरा घेऊन बसणाऱ्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. हाक देण्याचा भाग तेवढा सोडून द्यावा, विणीच्या काळात पक्ष्यांना त्याचा त्रास होतो.

हंगाम, वेळा आणि मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत. बहुतेक ठिकाणी वसंतात फक्त ‘दाढी’वाला, म्हणजे छातीवरून केसाळ झुपका लोंबणारा पक्षीच मारता येतो, आणि न्यूयॉर्कमध्ये दुपारी बारा वाजता शिकार थांबवावी लागते. पक्षी मिळाला तर जागेवरच परवान्याची चिठ्ठी त्याला बांधा. खांद्यावर टाकून नेताना तो भडक नारिंगी कापडात पूर्ण गुंडाळा, डोकं आणि पंख बाहेर दिसता कामा नयेत. घरी गेल्यावर ट्रम्पेट आधी पिसानं पुसून उघड्यावर सुकू द्या. ओलं तसंच डबीत बंद केलं तर लाकूड फुगतं आणि तोंडाचा सांधा सैल होतो.